चाळीस मिलिग्रॅम

१

काचेच्या बरणीत एक बोटभर बाटली उभी होती. तिचं बूच घट्ट लावलेलं होतं आणि ती रिकामी होती.

"गुरुवारी ह्यात चाळीस मिलिग्रॅम पावडर होती," दायांग म्हणाली. "फिकट पिवळी, पिठासारखी. सगळ्या जगात तेवढीच होती."

मी बाटली उजेडात धरली. ती नुसती रिकामी नव्हती, विसळून ठेवलेली होती. बरणीच्या तळाशी ओल शोषून घेणारे मणी पसरले होते, निळेशार. बाकी सगळं जागच्या जागी.

दायांग सुफिया ह्या प्रयोगशाळेची प्रमुख. पंचवीस वर्षांपूर्वी ती माझ्या हाताखाली शिकायला आली होती, तेव्हा मी कुचिंगला सरकारी रसायनशाळेत कोर्टाची कामं करायचे. विषाचे पेले, रक्ताचे डाग, खोट्या दारूच्या बाटल्या. निवृत्त होऊन आता आठ वर्षं झाली. पाडुंगान रस्त्यावर एका दुकानाच्या माडीवर मी एकटी राहते. मंगळवारी सकाळी दायांगचा फोन आला, तेव्हा त्याआधी तीन दिवस मी कुणाशी एक शब्द बोलले नव्हते. 'हॅलो' म्हणायला गेले तर आवाजच फुटेना.

"सुरुवातीपासून सांग," मी म्हटलं.

तिनं सांगितलं. हातापायांवर आणि तोंडात फोड आणणारा तो लहान मुलांचा विषाणू. बहुतेक मुलं आठवड्यात बरी होतात. काहींच्या मात्र तो मेंदूपर्यंत जातो, हृदयापर्यंत जातो, आणि मग हातात काही राहत नाही. मलेशियातल्या आमच्या सारावाक राज्यात दर दोन-तीन वर्षांनी साथ येते, बालवाड्यांना कुलपं लागतात. त्याच्यावर ह्यांनी औषध शोधलं होतं. पंधरा दिवसांपूर्वीच पावडरीतली साडेतीन मिलिग्रॅम चार मिलिलिटर द्रवात विरघळवून एक कुपी तयार ठेवली होती. त्या कुपीतून शनिवारी विषाणू लागलेल्या पेशींना डोस दिले आणि सोमवारी क्वालालंपूरहून आलेल्या समितीसमोर निकाल उघडला.

"आणि फसला," दायांग म्हणाली. "जे प्रथिन नाहीसं व्हायला हवं होतं ते ठणठणीत. पाहुणे गेल्यावर म्हटलं, नवी कुपी करून पुन्हा बघू. बरणी काढली तर ही अशी."

"म्हणजे कुणीतरी पावडर पळवली आणि कुपीत भलतंच काही भरलं, असं तुमचं म्हणणं."

"सगळ्यांचं. किल्ल्या तीनच आहेत. माझ्याकडे, टेरेन्सकडे, झेयाकडे. पावडर बनवली झेयानं. आणि त्याच्या खणात सिंगापूरच्या एका कंपनीचं पत्र सापडलं, नोकरीचं."

झेया तुन बर्मी होता. त्याचा इथं राहायचा परवाना ह्या संस्थेच्या नावावर. संस्थेनं हात काढून घेतला की त्याला परत जावं लागणार, आणि तिकडे त्याच्या वयाच्या पोरांना लष्कर घरातून उचलून नेत होतं.

"संचालक मंडळानं पत्र तयार ठेवलंय," दायांग म्हणाली. "शुक्रवारी दुपारी मला त्यावर सही करायची आहे."

"मग कर. मला कशाला बोलावलंस?"

"मॅडम, मला ते पटत नाहीये. आणि इथं विचारू कुणाला? जो तो ह्यातलाच."

२

टेरेन्स खो तांदळाच्या पिठाची हिरवी वडी खात बसला होता. मला बघून उठला नाही, पण खुर्ची पायानं पुढे सरकवली.

"या, वून मॅडम. मीच केलं असं लिहून टाका, म्हणजे सगळे सुटतील."

"केलंत का?"

"करायला कारण तर आहे. अकरा वर्षं मी ह्याच विषाणूवर दुसरं औषध करतोय. ह्यांचं फसलं की समितीचा पैसा माझ्याकडे येणार. आहे की नाही झकास?"

"तुमच्या आणि त्यांच्या औषधात फरक काय?"

त्यानं बोटं पुसली. आता त्याच्या आवाजातला खवचटपणा गेला. "माझं औषध म्हणजे विषाणूच्या प्रथिनाच्या तोंडात बोळा. बोळा आहे तोवर गप्प, पडला की पुन्हा चरायला मोकळं. ह्यांची तऱ्हा वेगळी. आपल्या पेशीत नको झालेली प्रथिनं दळून टाकणारी गिरणी असते. कुठलं प्रथिन गिरणीत जायचं, त्याच्यावर चिठ्ठी चिकटवणारे मुकादम असतात. विषाणूचं प्रथिन त्यांच्या नजरेत येत नाही. ह्यांच्या रेणूला दोन हात. एका हातानं विषाणूचं प्रथिन धरायचं, दुसऱ्या हातानं मुकादमाला. दोघं समोरासमोर आले की चिठ्ठी लागते, आणि प्रथिन गिरणीत."

"आणि नुसतं धरल्यानं प्रथिन थांबत नाही?"

"अजिबात नाही. पाठीवर हात ठेवल्यासारखं आहे ते. मरतं ते गिरणीतच."

"मग कुपीत काय भरलं असेल?"

"मला विचाराल तर थोटा भाऊ." त्यानं खण उघडून एक फोटो माझ्यापुढे टाकला. "तुलनेसाठी झेयानंच आणखी एक रेणू बनवलाय. दिसायला तसाच, वजन तेवढंच, फक्त मुकादमाचा हात मोडका. तो विषाणूला धरतो आणि धरूनच बसतो. यंत्रात घातला तरी वजनावरून ओळखू येणार नाही. आणि आमचं यंत्र तर महिनाभर बंदच आहे, क्वालालंपूरहून उत्तर यायला तीन आठवडे लागतील. ह्याहून सोयीचं काय हवं?"

फोटोत पाच खाने होते. पहिल्यात औषध न दिलेल्या पेशी, मग वाढत्या क्रमानं तीन डोस, शेवटी विषाणूच नसलेल्या पेशी. प्रथिन जितकं जास्त तितका पट्टा काळा.

"चार काळे, एक कोरा," टेरेन्स म्हणाला. "ह्यात बघण्यासारखं काही नाही. खरं सांगू? मला आधीच वाटत होतं. गेल्याच आठवड्यात चहाच्या वेळी मी झेयाला म्हटलं, अरे, एवढ्याशा औषधानं डास तरी मरेल का? घाल की जरा मूठ सैल करून! सगळे खो-खो हसले."

"सगळे?"

"झेया नाही हसला. आणि इंदाई. पण ती काय, कधीच हसत नाही."

"इंदाई कोण?"

"भांडी धुते," तो म्हणाला, आणि दुसरी वडी उचलली.

३

धुण्याची खोली तळमजल्यावर, नदीच्या बाजूला. दारापाशी थांबले तर आतली बाई काचेचे पेले एका ओळीत पालथे घालत होती. प्रत्येक पेला उजेडात धरायचा, फिरवायचा, मगच ठेवायचा. पंचावन्नच्या आसपासची, बुटकी. हातमोजे कोपरापर्यंत. कमरेच्या दोरीला किल्ल्यांचा झुबका.

"इंदाई तुम्हीच का?"

तिनं मान हलवली.

"बरणीची किल्लीही आहे वाटतं ह्यात?"

"मणी बदलायला लागतात." ती पुढचा पेला उचलत म्हणाली. "निळे असतात. ओल धरली की गुलाबी होतात. मग भट्टीत भाजून पुन्हा निळे करायचे."

म्हणजे किल्ल्या चार होत्या. दायांगनं तीन सांगितल्या, त्या काही लपवायच्या म्हणून नव्हे. चौथी तिला आठवलीच नव्हती.

"शेवटचे कधी बदललेत?"

"एक तारखेला. दर महिन्याला एक तारखेला."

त्या दिवशी अठरा तारीख होती.

"तेव्हा पावडर बघितलीत?"

"मी मणी बघते."

"किती वर्षं आहात इथं?"

"एकोणीस."

मी जरा घुटमळले. आमच्याकडे ठेवतात तसा चहाचा डबा कोपऱ्यात होता, पण ती 'चहा घ्या' म्हणाली नाही आणि मीही मागितला नाही. दोन बायका, दोघींनाही बोलायची सवय मोडलेली. नळ चालू होता तेवढाच आवाज.

"झेया कसा मुलगा आहे?" मी जाता जाता विचारलं.

तिच्या हातातला पेला मोरीच्या कडेला आपटला. फुटला नाही, पण मी इतका वेळ बघत होते, एकही पेला आपटला नव्हता.

"चांगला आहे," ती म्हणाली. "आपली भांडी आपण विसळून आणतो."

४

झेया सातोकला एका गॅरेजच्या वर भाड्यानं राहत होता. खोलीत एक गादी, एक टेबल, भिंतीवर काही नाही. तिशीतला, चष्मेवाला, दाढी वाढलेला. माझ्यासाठी त्यानं खुर्ची रिकामी केली आणि स्वतः गादीच्या कडेवर बसला.

"आंटी, तुम्ही काय विचारणार ते मला माहीत आहे. पत्र आलं होतं, हो. नाही म्हणून उत्तरही लिहून ठेवलंय. टाकलं नाही."

"का?"

"एखादं दार उघडं असलेलं बरं वाटतं," तो ओशाळून म्हणाला. "घरी परत जायचं दार तर बंदच आहे. आईला तीन वर्षांत बघितलं नाही. फोन लागला तर लागतो."

"शनिवारी डोस तूच दिलेस?"

"मीच. कुपी फ्रीझरमधून काढली, नेहमीच्या मापानं घातलं."

"काही वेगळं वाटलं?"

तो विचार करायला लागला. मग चष्मा काढून डोळे चोळले. "रंग. ती कुपी जवळजवळ पाण्यासारखी असते. शनिवारी पिवळसर दिसली, कोऱ्या पातळ चहासारखी. मला वाटलं, पंधरा दिवसांत धरला असेल रंग. दुसरी करायला वेळ नव्हता."

"तुझा तो थोटा रेणू कसल्या रंगाचा?"

"पांढरा. द्रवात अगदी पाणी." तो एकदम थांबला. "हे मला कुणी विचारलंच नाही."

"बरणी शेवटची कधी उघडलीस?"

"गुरुवारी. पावडर होती, मी डोळ्यांनी बघितली. मणी मात्र पार गुलाबी झाले होते. सारखी उघडझाप केली ना मी. खाली जाऊन इंदाईला म्हटलंसुद्धा, जरा बघ म्हणून."

गुरुवारी मणी गुलाबी होते आणि सोमवारी दायांगनं बरणी काढली तेव्हा निळे. म्हणजे मधल्या दिवसांत कुणीतरी बरणी उघडली, मणी बदलले, बाटली विसळली आणि बूच लावून ठेवलं. मी चाळीस वर्षं चोरांनी मागे ठेवलेल्या वस्तू तपासल्या आहेत. घाईत असलेला माणूस मणी बदलत नाही.

उठताना माझं टेबलाकडे लक्ष गेलं. रुंद हिरव्या पानांच्या तीन पुड्या, दोन सोडलेल्या, एक बांधलेली.

"हे काय?"

"भात. सोमवारपासून रोज दारात कुणीतरी ठेवतं. आज तर सकाळी आणि दुपारी, दोनदा. घरमालकीण असेल. बिचारी मला चोर समजत नाही एवढं तरी आहे."

मी बांधलेली पुडी हातात घेतली. घरमालकीण माझ्यासारखीच हक्का चिनी होती, जिन्यात भेटली होती. अशी पानं आणि ही गाठ शहरात कुणी बांधत नाही. वर नदीकाठच्या लाँगहाउसात, म्हणजे लांबलचक सामाईक घरांत, राहणाऱ्या इबान जमातीच्या बायका शेतावर जाताना असा भात बांधून नेतात.

५

घरी येऊन फोटो खिडकीत धरला. 'ह्यात बघण्यासारखं काही नाही' असं कुणी म्हटलं की मला बघावंसं वाटतं. ही नोकरीतली खोड आहे.

टेरेन्सचं खरं होतं, चारही पट्टे काळे. पण चार सारखे नव्हते. सर्वांत लहान डोसचा पट्टा किंचित फिका, मधला त्याहून काळा, सर्वांत मोठ्या डोसचा तर औषधच न दिल्याइतका काळा. कुपीत पाणी असतं किंवा थोटा भाऊ असता, तर चारही पट्टे एकसारखे हवेत. खरं औषध बरोबर मापात असतं, तर डोस वाढेल तसा पट्टा पुसट व्हायला हवा. इथं उलटं घडलं होतं. डोस वाढला तसं औषध हरलं होतं.

पावडर पिवळी होती, कुपी पिवळी पडली होती, आणि चोरीला गेलेली पावडर कुठंच सापडत नव्हती.

बुधवारी सकाळी मी दायांगला म्हटलं, "शनिवारच्या त्या कुपीत उरलंय किती?"

"बरंचसं. शनिवारी फक्त थेंबभर लागलं होतं."

"मला एक चाचणी हवी आहे. टेरेन्सच्या हातून."

"टेरेन्सच्या?"

"त्याचा फायदा औषध फसण्यात आहे. त्याच्या हातून निघालेल्या निकालावर कुणी बोट ठेवणार नाही."

मी स्वतः तीन नळ्या भरल्या आणि त्यांच्यावर फक्त माझ्या खुणा केल्या. एकीत कुपीतलं जसंच्या तसं. दुसरीत बारा पट पातळ केलेलं. कुपीत मुळात साडेतीन मिलिग्रॅम होतं आणि त्यात चाळीस पडले असतील तर बारा पटच होतात. तिसरीत थोटा भाऊ. टेरेन्सनं भुवई उंचावली, पण काही विचारलं नाही. दोन दिवस तो त्या पेशींपाशी बसून होता, आणि मी त्याच्यापाशी. एवढं सांगायला हवं की त्यानं काम चोख केलं.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला पट्टे उमटले. तो वाकून बघायला लागला आणि मग तसाच वाकलेला राहिला.

"ह्या मधल्या नळीत काय घातलंत, मॅडम?"

"तुम्हाला काय दिसतंय?"

"प्रथिन गायब आहे." त्यानं स्टूल ओढलं आणि धपकन बसला. "पहिलीत काळा, तिसरीत काळा, मधे साफ. मधली कुठून आणली?"

"त्याच कुपीतून. बारा पट पाणचट करून."

मग त्याचा चेहरा उतरत गेला.

"औषध बदललेलंच नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "जास्त झालंय. पावडर कुणी नेलीच नाही. ती कुपीतच आहे. मला... मला हे सुचायला हवं होतं. मोठ्या डोसला हे रेणू आंधळे होतात, आम्ही पोरांना शिकवतो." त्यानं वर बघितलं. "पण ज्याला एवढंसुद्धा माहीत नाही असं इथं आहे कोण?"

मी जिना उतरायला लागले होते.

६

इंदाईनं मला बघितलं आणि नळ बंद केला. पहिल्यांदाच.

"इंदाई म्हणजे आई," मी म्हटलं. "पण नुसती इंदाई कुणी नसते. तुमच्यात मुलाच्या नावानं हाक मारतात. इंदाई कुणाची?"

एकोणीस वर्षं ह्या इमारतीत सगळे तिला तेवढ्यावरच हाक मारत होते. ती हातमोजे काढायला लागली. उजवा निघाला, डावा ओला होऊन चिकटला होता, तो तिला निघेना.

"बुंगाची," ती म्हणाली.

मी दार लोटून घेतलं.

"अडीच वर्षांची होती. सत्त्याण्णव सालच्या साथीत. सकाळी कोंबड्यांमागे पळत होती, तळहातावर चार फोड, बस. दुपारी अंग गरम लागलं. बोटीनं सिबूला नेलं. डॉक्टर म्हणाला, ह्याच्यावर औषधच नाही, बाई. रात्र सरली नाही." तिनं डावा मोजा ओढून काढला. "नवरा त्यानंतर लाकूडतोडीच्या कॅम्पवर गेला तो तिकडचाच झाला. मी इथं आले. इथं ह्याच रोगावर काम चालतं असं कळलं, म्हणून धुणीभांडी का होईना, म्हटलं करू."

"कुणाला सांगितलं नाहीत?"

"कुणी विचारलं नाही."

"गेल्या शुक्रवारी काय झालं?"

"खो साहेब म्हणाले, एवढ्याशा औषधानं डास तरी मरेल का. घाल मूठ सैल करून. सगळे हसले. ताई, मला हसू येईना. म्हटलं, उगाच कंजूषपणा करतात आणि ह्यांचं फसलं तर? झेया कुपी कशी करतो ते मी शंभर वेळा बघितलंय. पावडर टाकायची, हलवायची. मणी बदलायला गेले तेव्हा सगळी टाकली. एक कण ठेवला नाही. बाटलीसुद्धा कुपीतल्या थेंबांनी दोनदा विसळून परत आत ओतलं, मग धुतली."

"आणि सोमवारी?"

"सगळी टाकूनही फसलं." तिचा आवाज खाली गेला. "मला वाटलं, औषधच खोटं. सत्तावीस वर्षं थांबले ते खोटंच निघालं. मग त्यांनी झेयाला चोर म्हटलं. मी दायांग मॅडमकडे गेले, त्या म्हणाल्या, नंतर ये इंदाई. मंगळवारी पुन्हा गेले, तेव्हा म्हणाल्या, आता नको गं. मग माझा धीर सुटला. मला फक्त भात करता येतो, तो करत राहिले."

"औषध खोटं नाही," मी म्हटलं. "जास्त झालं म्हणून हरलं."

तिला ते कळलं नाही. कळणार तरी कसं? मी तिचा ओला हात माझ्या हातात घेतला आणि दुसरा नळावर ठेवला. "हे बघा. मी विषाणू, नळ म्हणजे त्याला गिरणीत धाडणारा मुकादम. तुम्ही मधे आहात, दोघांना धरलंत, म्हणून मी त्याच्या तावडीत सापडले. आता खोलीत अशा शंभर इंदाई आल्या. एकीनं माझा हात धरला. दुसरीच एक जाऊन नळाला धरून बसली. मलाही सोबत आहे, नळालाही सोबत आहे, पण माझी आणि नळाची गाठ पडते का?"

तिनं माझ्या हाताकडे बघितलं, नळाकडे बघितलं.

"नाही," ती म्हणाली. आणि मग, "म्हणजे मीच मोडलं."

"चला वर," मी म्हटलं. "बारा वाजायच्या आत."

"मला काढून टाकतील."

"कदाचित. पण तुम्ही आला नाहीत तर तो जाईल."

तिनं एप्रनची गाठ सोडली, एप्रन घडी घालून मोरीच्या कडेवर ठेवला आणि माझ्या पुढे जिना चढायला लागली.

७

दायांगच्या टेबलावर ते पत्र होतं आणि पेन त्याच्यावर आडवं पडलेलं. टेरेन्स खिडकीशी उभा होता. झेयालाही बोलावलं होतं. तो दाराजवळच्या खुर्चीत पिशवी मांडीवर घेऊन बसला होता, आपलं सामान न्यायला आल्यासारखा.

मी फोटोतले पट्टे, कुपीचा रंग, मण्यांचा रंग एकापुढे एक मांडले. पण शेवटचं वाक्य माझ्या तोंडून काढून घेत इंदाई स्वतःच म्हणाली, "मी टाकली, मॅडम. झेयानं काही केलं नाही." आणि का, तेही सांगितलं, चार वाक्यांत. बुंगाचं नाव त्या खोलीत पहिल्यांदा उच्चारलं गेलं.

झेयानं पिशवी खाली ठेवली.

"तो भात..." तो म्हणाला.

इंदाईनं मान खाली घातली.

"मूठ सैल करून असं मी म्हटलं होतं," टेरेन्स खिडकीतून न वळता म्हणाला. "ते लिहून घ्या कुणीतरी."

दायांगनं पत्र उचललं, दोनदा फाडलं. मग इंदाईकडे बघितलं. "तू दोनदा आली होतीस."

"हो, मॅडम."

"मी म्हटलं, नंतर ये."

"हो, मॅडम."

दायांगनं पत्राचे तुकडे टोपलीत टाकले. नियम नियमच होता. औषधाला परवानगीशिवाय हात लावणाऱ्याला प्रयोगशाळेत ठेवता येत नाही. इंदाईकडून किल्ल्या काढून घेतल्या आणि चौकशी संपेपर्यंत तिला घरी बसायला सांगितलं. तिनं किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि नमस्कार करून निघून गेली. झेया तिच्यामागे धावत जिन्यापर्यंत गेला, पण दोघं तिथं काय बोलले ते मला माहीत नाही. इंदाईच्या कबुलीमुळे त्याच्यावरचा आळ निघाला, परवाना तसाच राहिला. सिंगापूरचं उत्तर त्यानं त्याच संध्याकाळी पोस्टाच्या पेटीत टाकलं.

पावडर वाया गेली नव्हतीच. ती सगळी त्या कुपीत होती. झेयानं तिचं माप पक्कं केलं, पातळ करून बारा कुप्या भरल्या, आणि पाच आठवड्यांनी समितीसाठी सगळा प्रयोग पुन्हा केला, डोस लहानापासून मोठ्यापर्यंत. निकालाच्या दिवशी दायांगनं मला बोलावलं. झेयानं इंदाईला बोलावलं होतं, कुणाला न विचारता. ती बाहेरचे कपडे घालून आली होती. हातमोज्यांशिवाय तिला हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.

झेयानं तिला दिव्याच्या काचेपाशी उभं केलं आणि बोट ठेवून दाखवलं. पहिल्या खान्यात जाड काळा पट्टा. दुसऱ्यात पुसट. तिसऱ्यात काहीच नाही, नुसती काच.

"इथं काही नाही," इंदाई म्हणाली.

"नाही."

"म्हणजे गेलं?"

"गेलं. पूर्ण दळलं गेलं."

ती त्या कोऱ्या जागेकडे इतका वेळ बघत राहिली की टेरेन्सनं हळूच दिव्यामागचा पंखा बंद केला, त्याचा आवाज नको म्हणून.

"पण ह्या बशीतल्या पेशी आहेत, इंदाई," झेया म्हणाला. त्याला खोटं बोलता येत नाही. "मुलांपर्यंत जायला अजून खूप आहे. दहा वर्षं. जास्तही लागतील. कदाचित नाहीच पोचणार."

"दहा," तिनं मनाशी मोजलं. "मी पासष्टची होईन." आणि दायांगकडे वळून, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मग तोवर भांडी कोण धुणार, मॅडम?"

दायांगनं टेरेन्सकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. चौकशीचा कागद तिच्या टेबलावर अजून तसाच पडून होता, हे तिघांनाही ठाऊक होतं.

"सोमवारी आठ वाजता ये," ती म्हणाली. "चौकशीचं मी बघते. आणि इंदाई, पुन्हा काही सांगायचं असलं की दार वाजवत उभी राहू नकोस. सरळ आत ये."

इंदाईनं मान हलवली. मग ती पुन्हा काचेकडे वळली, कारण तिचं बघून व्हायचं होतं.